दिलेले तेवढेच
(वर्धापनदिन कार्यक्रमातील भाषण)



मंडळाने मला विषय दिला आहे, 'नोकरी-धंद्यातील नीती आणि त्याविषयीची पुस्तके'. मी विद्वान नाही. राहणारा धुळ्याचा, पण कारकुनी सगळी जळगाव जिल्ह्यात केली. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि टेबलावरचे जास्त सांगतो.

माझी धाकटी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. २०१३ पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे, त्याची जाडजूड पुस्तके घरात आली. त्यात प्रसंग असतात. तुम्ही अधिकारी आहात, कंत्राटदाराने भेट पाठवली, काय कराल? पोरगी उत्तरे लिहिते, मी वाचतो. सगळी बरोबर. माझीही बरोबरच आली असती, हेच तर दुखणे आहे!

आम्हालाही पुस्तक होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. भेटवस्तू घेऊ नका, हुंडा घेऊ नका, मालमत्ता कळवा. आमच्या कचेरीत ते कपाटात कुलूपबंद. कोणाला नोटीस निघाली की ते बाहेर निघायचे. डॉक्टरांसाठी २००२ चे आचारनियम आहेत, वकिलांसाठी बार कौन्सिलचे. खटल्याच्या निकालावर फी ठरवायची नाही, असे वकिलाला बंधन आहे. आपण दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो ना? १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले ते वकील म्हणून, एका खटल्याच्या कामासाठी. आपण हार घालतो, पण ते त्या दिवशी कामावर होते हे विसरतो.

आता माझे ऐका. १९८६ च्या आसपासची गोष्ट. केळीच्या पट्ट्यातली एक म्हातारी माय निराधार योजनेचा अर्ज घेऊन आली. कागद पूर्ण होते. मी पैसे मागितले नाहीत हो, नुसते "उद्या या" म्हटले. दोनदा म्हटले. तिसऱ्या खेपेला तिने पदराची गाठ सोडली, वीस रुपये टेबलावर ठेवले. "इतलाच शेतस, भाऊ." मी घेतले. कागद लगेच पुढे गेला.

रविवारी विहारात मी मुलांकडून पंचशील म्हणवून घेत असे. त्या रविवारी दुसऱ्या शीलाला जीभ अडखळली. मग मनातल्या मनात वकिली केली. शील न दिलेल्या वस्तूबद्दल आहे, हिने तर हाताने दिले! पण दोन वेळा रिकामी परत पाठवून जे निघाले, त्याला दिलेले म्हणायचे कसे?

घरी येऊन बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडला. पाचव्या खंडात गृहस्थांचा विनय आहे, मालक आणि नोकर यांचाही. हे मूळ दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तातले. मालकाने झेपेल एवढेच काम सांगावे, जेवण-मजुरी द्यावी, आजारपणात बघावे, वेळेवर सुटी द्यावी. नोकराने काम नीट करावे आणि मालकाने दिले तेवढेच घ्यावे. माझी वकिली तिथेच आटोपली. माझा मालक सरकार, आणि त्याने द्यायचे ते एक तारखेला पगारात दिलेच होते. म्हातारीने मला काही द्यायचा प्रश्नच कुठे होता? मीच तिचे देणे लागत होतो, ते म्हणजे तिचे काम.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती दिसली. मी वीस रुपये पुढे केले. ती घाबरलीच. "काय व्हयनं भाऊ? फी कमी पडनी का?"

ती त्याला सरकारी फी समजत होती. पैसे परत घ्यायला तिला पटवता पटवता माझी पुरेवाट झाली, आणि ती फी नव्हती हे काही मला चारचौघांत बोलवले नाही. ते आज बोलतो आहे.

विहाराच्या वाचनालयासाठी वर्तणूक नियमांची एक प्रत आणली आहे, ती भन्तेजींच्या हाती देतो. आपली कितीतरी मुले-मुली आता तलाठी, नर्स, शिक्षक आहेत. बाबासाहेबांच्या ग्रंथाशेजारी ती ठेवावी, आणि त्या कपाटाला कुलूप नसावे एवढी मंडळाला विनंती. जय भीम!