बाटली पुन्हा भरताना

आज अमेरिकेतल्या घरगुती बिअरबद्दल बोलायचं आहे, आणि बिअरपेक्षाही तिच्या बाटलीबद्दल. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा हे इथे करून बघायचं नाही. तिकडे १९३३ साली दारूबंदी उठली, तरी घरी बिअर करायला केंद्र सरकारची मुभा मिळाली ती ऑक्टोबर १९७८मध्ये, जिमी कार्टर यांच्या सहीने. दोन प्रौढांच्या घराला आता वर्षाला २०० गॅलन करता येते.

पाच गॅलन बिअर उतरली की ३५५ मिलिलिटरच्या पन्नासहून थोड्या जास्त बाटल्या लागतात. विकतच्या बिअरच्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्या तर बाटल्यांचा खर्च वाचतो. काच वितळवून पुन्हा काच करण्यापेक्षा ती धुऊन वापरणं मला केव्हाही अधिक योग्य वाटतं. मात्र बाटली पारखून घ्यावी लागते. हाताने पिळून उघडायच्या बाटलीच्या तोंडाला आटे असतात. त्यावर घरच्या यंत्राने बसवलेलं पत्र्याचं झाकण घट्ट बसेल याचा भरवसा नाही. ओपनरने उघडावी लागते तीच घ्यावी, आणि तपकिरी घ्यावी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून येणारा उजेड हॉप्समधल्या द्रव्यांवर पडला की बिअरला उग्र दर्प येतो.

आता खरा मुद्दा. बाटली भरताना लिटरमागे साधारण सहा ग्रॅम साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं, वायू सोडतं आणि बंद बाटलीत फेस तयार होतो. खोलीच्या तापमानाला आतला दाब जवळजवळ मोटारीच्या टायरइतका असतो. चांगली बाटली तो सहज पेलते. पण पिंपातलं आंबणं पुरतं संपलेलं नसेल, घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०१४ दाखवत असताना बिअर १.०१०पर्यंत उतरायची बाकी असेल, तर तोच दाब दुपटीच्या वर जातो. मग काच फुटते, तुकडे खोलीभर उडतात. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला, तरच बाटल्या भराव्यात. साखर वजन करूनच घ्यावी, चमच्याने मोजू नये.

धुण्याचं काम सोपं आहे, फक्त ते लगेच करायला हवं. पिऊन झाली की बाटली तिथेच विसळावी. तळाशी वाळलेला गाळ नंतर ब्रशलाही दाद देत नाही. लेबल काढायला गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवावी. मग उजेडासमोर धरून तोंडाची कड बोटाने चाचपावी. टवका किंवा केसाएवढा तडा आढळला, तर ती काचेच्या कचऱ्याच्या डब्यात टाका.

तुमची मुलं तिकडे हा छंद करत असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा: भरलेल्या बाटल्या झाकण असलेल्या खोक्यात ठेवा आणि लहान मुलांच्या खोलीपासून लांब ठेवा.