दोन्ही वर्षं पुढे, तरीही मागे


आज अमेरिकेतल्या बेसबॉलची एक गंमत ऐकू या.

डेव्हिड जस्टिस आणि डेरेक जीटर, दोघे फलंदाज.
1995 साली सरासरी कुणाची सरस?
जस्टिसची.
1996 साली?
पुन्हा जस्टिसचीच.

आता दोन्ही वर्षं एकत्र करा...
पुढे कोण?
जीटर! आणि चांगलाच पुढे.

हिशेब चुकलेला नाही बरं का.

बेसबॉलची सरासरी म्हणजे यशस्वी फटके भागिले मिळालेल्या संधी.
1995 मध्ये दोघांचीही सरासरी बेताचीच.
पण जस्टिसला चारशेहून जास्त संधी मिळाल्या...
नवख्या जीटरला पन्नाससुद्धा नाहीत.

1996 मध्ये दोघंही बहरात.
पण जस्टिसचा खांदा दुखावला, हंगाम मध्येच संपला.
जीटरला मात्र जवळजवळ सहाशे संधी मिळाल्या.

म्हणजे जस्टिसच्या एकूण सरासरीत बेताच्या वर्षाचं वजन जास्त...
जीटरच्या सरासरीत बहराच्या वर्षाचं.

थोडक्यात सांगते.
नुसती सरासरी पाहून भागत नाही.
ती किती संधींवर काढली, तेही विचारायचं.

दोन्ही वर्षं पुढे, पण एकत्र केल्यावर मागे... याला म्हणतात सिम्पसनचा विरोधाभास.
एडवर्ड सिम्पसन यांनी 1951 साली त्यावर लिहिलं.
खरं तर उडनी यूल यांनी 1903 मध्येच तो दाखवला होता...
नाव मात्र सिम्पसन यांचं लागलं!