१९५ आवाज, ३१ माणसं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. माझ्या वडिलांना शेवटची अकरा वर्षं पार्किन्सन, म्हणजे कंपवात होता. त्यामुळे अभियांत्रिकीला असलेली माझी भाची, "मामा, मला पार्किन्सनवर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारत आली, तेव्हा मला बरं वाटलं.

या आजारात मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, हात थरथरतो, अक्षर बारीक होतं आणि आवाजही खाली जातो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तो अवघ्या सहा रुग्णांवरून. आज घरबसल्या त्याहून कितीतरी अधिक लोकांची माहिती संगणकावर उतरवून घेता येते.

नवशिके बहुधा एका छोट्या माहितीसंचापासून सुरुवात करतात. ऑक्सफर्डचे मॅक्स लिट्ल यांनी तो २००८ साली खुला केला. त्यात ३१ जणांच्या आवाजाची १९५ मुद्रणं आहेत. आवाजाची पट्टी किती हलते, जोर किती कमीजास्त होतो, अशी प्रत्येकाची २२ मोजमापं दिली आहेत. ३१ पैकी २३ जणांना पार्किन्सन आहे.

भाचीनं चार दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. "मामा, नव्वद टक्क्यांच्या वर उत्तरं बरोबर!" मग जरा थांबून म्हणाली, "आईचा आवाज घालून पाहू?" माझ्या बहिणीचा आवाज अलीकडे क्षीण झाला होता. तिच्या मनातली शंका माझ्याही मनात होती.

मी म्हटलं, "आधी दोन गोष्टी बघ." पहिली अशी की १९५ पैकी १४७ मुद्रणं रुग्णांची आहेत. काहीही न ऐकता दरवेळी 'पार्किन्सन आहे' असं म्हणणारा पोपटही ७५ टक्के बरोबर ठरेल. फक्त एकाही निरोगी माणसाला तो निरोगी म्हणणार नाही. तेव्हा रुग्ण किती ओळखले आणि निरोगी किती ओळखले, हे वेगवेगळं मोजायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. प्रत्येकाचा आवाज साधारण सहा वेळा मुद्रित केलेला आहे. भाचीनं सगळी मुद्रणं पत्त्यांसारखी पिसून काही शिकवायला, काही परीक्षेला ठेवली होती. म्हणजे एकाच माणसाचे आवाज दोन्हीकडे! घरी सोडवलेलीच गणितं परीक्षेत यावीत, तसं झालं. प्रोग्रॅम आजार ओळखत होता की माणूस, कोण सांगणार? प्रत्येक ओळीच्या नावातच त्या माणसाचा क्रमांक असतो. त्यावरून एका माणसाची सगळी मुद्रणं एकाच बाजूला ठेवायला सांगितलं. टक्केवारी चांगलीच घसरली. भाची हिरमुसली. मी म्हटलं, "तुझं संशोधन आत्ता सुरू झालं."

पुढची पायरी मोठी आहे. मायकल जे. फॉक्स प्रतिष्ठानाच्या पुढाकारानं २०१० साली सुरू झालेल्या 'पीपीएमआय' या प्रकल्पात लोकांच्या तपासण्या, मेंदूच्या प्रतिमा, रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं घेतले जातात. अर्ज करून, नियम पाळण्याचं लिहून दिल्यावर ही माहिती संशोधकांना विनामूल्य मिळते. तिथंही आकड्यामागचा माणूस पाहायचा. माझ्या वडिलांना सकाळी गोळीपूर्वी सदऱ्याचं बटण लावता येत नसे. तासाभरानं तेच स्वतः चहा करीत. तपासणी गोळीआधीची की नंतरची, हे न पाहता दोन आकड्यांची तुलना केली, तर आजार वाढला की गोळी उतरली, हे कळणारच नाही.

बहिणीचा आवाज आम्ही त्या प्रोग्रॅमला ऐकवला नाही. एकतीस माणसांवर शिकलेल्या यंत्रानं घरातल्या माणसाचा निवाडा करू नये. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. वाटेत भाची एकही टक्केवारी बोलली नाही. ती आईचा हात धरून बसली होती.