ऑपरेशन झाले, दिसते किती?

(कारेगाव येथे कामगार व शेतकरी बंधुभगिनींपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कारेगावच्या एका अंगाला उसाची आणि कांद्याची राने आहेत, दुसऱ्या अंगाला रांजणगावची औद्योगिक वसाहत. कुणी खुरपे धरतो, कुणी यंत्रावर पाळी करतो. या माणसांचे पोट हातावर असते असे आपण म्हणतो. पण हाताला वाट दाखवितात ते डोळे. म्हणून डोळ्यांच्या उपचाराचा प्रश्न हा केवळ डॉक्टरांचा प्रश्न नव्हे, तो आपल्या भाकरीचा प्रश्न आहे.

माझ्या चुलतीचा अनुभव सांगतो. एका शिबिरात तपासून तिला नेले, मोतीबिंदू काढला, घरी आणून सोडले. दोन महिन्यांनी मी भेटायला गेलो तेव्हा तांदूळ निवडण्यासाठी ती सुनेला हाका मारीत होती. “ऑपरेशन चांगले झाले म्हणतात, मलाच दिसत नाही. माझे नशीब!” असे म्हणाली. दुसरीकडे तपासून घेतले तेव्हा कळले की ऑपरेशन खरोखरच उत्तम झाले होते. बाईला फक्त चष्मा हवा होता. शिबिराच्या वहीत मात्र तिची नोंद केव्हाच ‘यशस्वी’ म्हणून झाली होती.

हे यश कोणी ठरविले, आणि कशावरून? आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. तेव्हापासून किती शस्त्रक्रिया झाल्या, याचे आकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जात आले आहेत. ते काम मोठे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु शस्त्रक्रियांची संख्या आणि परत आलेली दृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मोजल्याशिवाय पहिलीचा अर्थ कळत नाही.

ही मोजणी आपल्याच जिल्ह्यात झालेली आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयातील डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४१ रुग्ण घेतले. कोणाला कोणती शस्त्रक्रिया करावयाची हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. काहींना मोठा छेद घेऊन टाके घालण्याची जुनी पद्धत, काहींना लहान छेदाची, बिनटाक्याची, हातानेच करावयाची पद्धत. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरून ओळखता आले तर दृष्टी चांगली, असा मापदंड होता. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय एवढे दिसणारे जुन्या पद्धतीत शेकडा ३७ होते, नव्या पद्धतीत शेकडा ४८. योग्य चष्मा लावल्यावर हेच प्रमाण अनुक्रमे ८७ आणि ९० झाले.

या आकड्यांपाशी क्षणभर थांबा. उत्तम शस्त्रक्रियेनंतरही निम्म्याहून अधिक माणसांना चष्म्यावाचून पुरेसे दिसत नव्हते. चष्मा येताच दहांपैकी नऊ जण पाहू लागले. माझी चुलती नशिबाची बळी नव्हती. काम अर्ध्यावर सोडण्याच्या पद्धतीची ती बळी होती.

आता दुसरा प्रश्न. मोठ्या दवाखान्यात यंत्राने भिंगाचा चुरा करून मोतीबिंदू काढतात. त्याला फेको म्हणतात. मग हाताची पद्धत म्हणजे गरिबांच्या गळ्यात बांधलेला दुय्यम माल आहे काय? ही शंका रास्त आहे. गरिबाला एवढे पुरे, ही वृत्ती आपण जन्मभर पाहिली आहे. पण शंकेचे उत्तरही पुराव्यानेच द्यावयास हवे. त्याच रुग्णालयात ४०० डोळ्यांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय चांगले दिसणारे फेकोत शेकडा ८१, हाताच्या पद्धतीत ७१. यंत्र येथे पुढे आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण चष्म्यासह दोन्हीकडे शेकडा ९८! आणि खर्च? २००७ साली त्यांनीच मांडलेल्या हिशोबाप्रमाणे फेकोला सरासरी ४२ डॉलर, हाताच्या पद्धतीला १५. या फरकाच्या पैशात चष्मा सहज बसतो. म्हणजे ‘महाग तेच चांगले’ हा बाजाराचा मंत्र पुराव्यापुढे टिकत नाही. आणि चष्म्यावाचून घरी पाठविणे हा शिबिराचा रिवाजही टिकत नाही.

गिरणी-कारखान्यातील मित्रांना आणखी एक सांगतो. आसामच्या चहामळ्यांतील चाळीशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेली अशीच चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जवळचे दिसण्याचा चष्मा आधी दिला, उरलेल्यांना चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. ज्याला मुकादम वयाचा आळस म्हणतो, तो पुष्कळदा चाळिशीचा चष्मा नसल्याचा परिणाम असतो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. यापुढे गावात शिबिर आले की हार घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. सहा आठवड्यांनी आमची दृष्टी कोण तपासणार? चष्मा कोण देणार? आणि चष्म्याशिवाय किती, चष्म्यासह किती दिसले, याची नोंद आम्हांला दाखविणार काय? कारखान्यात चाळिशीनंतर प्रत्येकाची जवळची दृष्टी तपासली जावी, ही मागणी कामगार संघटनेने आपल्या मागणीपत्रात घालावी. त्यात कंत्राटी कामगारही आलेच पाहिजेत. शिबिरवाले नोंद ठेवीत नसतील तर गावातील तरुणांनी ठेवावी. एक वही, भिंतीवर एक अक्षरतक्ता आणि सहा मीटरची मोजलेली दोरी एवढ्यावर ते काम सुरू होते.

उपकार म्हणून मिळालेल्या उपचाराला प्रश्न विचारता येत नाही, असे आपल्याला शिकविले गेले आहे. ते विसरा. डोळा आपला आहे. हिशोब मागण्याचा हक्कही आपलाच आहे.