काही नाही हो, दात येताहेत!

श्रोतेहो, बाळाला वाटीने पाणी पाजताना हिरडीवर 'टिक्' असा बारीक आवाज आला, की घरात आनंदीआनंद होतो. बोळक्यात पहिला दात आल्याची ती वर्दी असते. आजी पुन्हा पुन्हा वाटी लावून खात्री करून घेते, आई माहेरी फोन करते. अशा आनंदाच्या गोष्टीबद्दल आपल्याकडे एक वाक्य मात्र असे आहे, की ते कानावर पडले की मला धास्ती वाटते. "काही नाही हो, दात येताहेत." बाळ रडले, दात येताहेत. ताप आला, दात येताहेत. जुलाब लागले, दात येताहेत. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण एखादे वाक्य सवयीने बोलले जाऊ लागले, की माणसे पुढे विचार करायचे थांबतात, हे शब्दांच्या संगतीत राहून मला कळले आहे.

आधी दातांविषयी थोडे. दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटात, गर्भारपणाच्या दुसऱ्या महिन्यातच सुरू होते. हिरडीतून ते बाहेर डोकावतात ते साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास. कुणाला चौथ्या महिन्यात, कुणाला वर्ष होता होता. शेजारणीच्या बाळाला पाचव्या महिन्यात दात आला आणि आपल्या बाळाला नवव्यातही नाही, म्हणून जीव टांगणीला लावू नये. पहिला वाढदिवस होऊन दोन-तीन महिने गेले तरी एकही दात नसेल, तर दंतवैद्यांना दाखवावे. बहुधा खालचे मधले दोन दात आधी येतात, मग वरचे मधले. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वीस दातांची पंगत पूर्ण होते. वरचा दात आधी आला तर तो मामाला जड जातो, असे माझ्या लहानपणी आमच्या घरातही म्हणत आणि शेजारच्या वाड्यातही. या एका बाबतीत दोन्ही घरांचे एकमत होते! मामाने निर्धास्त असावे. दातांचा क्रम मागेपुढे होतो, एवढाच त्याचा अर्थ.

दात येताना बाळाला त्रास होतो, हे खरेच. हिरडी लाल होते, सुजते. लाळ गळते. हाताला लागेल ते बाळ चावत सुटते, किरकिर करते, रात्री झोपमोड होते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांच्या रोजच्या नोंदी ठेवून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हा त्रास दात दिसण्याआधी चार दिवस आणि नंतर तीन दिवस, एवढ्याच काळात वाढलेला त्यांना आढळला. अंग किंचित कोमट लागू शकते. पण जोराचा ताप किंवा जुलाब यांचा दाताशी संबंध दिसला नाही.

मग हा समज आला कुठून? सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागते. त्याच सुमारास उष्टावण होते, वरचे अन्न-पाणी सुरू होते. बाळ पालथे पडते, सरपटते, खाली सापडेल ते तोंडात घालते. जंतूंना आयती वाट मिळते आणि नेमका तेव्हाच दातही येत असतो. दात समोर दिसतो, जंतू दिसत नाही. दोष दाताच्या माथी जातो.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली पाच हजारांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत 'दात येणे' हेच कारण लिहिले गेले. ती मुले दातांनी गेली नव्हती. त्यांचा खरा आजार कुणी शोधलाच नाही. पुढे तिथे दातांसाठी म्हणून पारा मिसळलेल्या पुड्या बाळांना सर्रास देत. त्यातून हातपाय गुलाबी पडून सोलवटणारा एक भयंकर आजार मुलांना होई. १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या उत्पादकांनी पुड्यांतला पारा काढून टाकला आणि तो आजारही हळूहळू नाहीसा झाला. दुखण्यापेक्षा औषध भारी पडले होते.

आमच्या मोहल्ल्यातली काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठ महिन्यांची एक मुलगी दोन दिवस जुलाबांनी मलूल पडली होती. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणत होत्या, "दातां निकल रै, कुच नै होता." पलीकडच्या काकूंचेही तेच मत. अंगणवाडीच्या ताई सहज डोकावल्या. त्यांनी मुलीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश मागे गेली. डोळे खोल गेले होते, रडताना अश्रू येत नव्हते. "शू कधी केली होती?" ताईंनी विचारले. सकाळपासून दुपटे कोरडे होते. मी रिक्षा आणायला धावलो. सलाईन लागले आणि मुलगी वाचली. तिचा पहिला दात आला तो पुढे महिनाभराने!

जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात, जीव जातो तो त्याने. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव इथे, डॉ. दिलीप महालनोबीस यांनी पाण्यात साखर-मीठ कालवून पाजले आणि पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचवले. तीच आपली जलसंजीवनी. तिची पुडी सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ती विरघळवावी आणि चमचा-चमचा पाजत राहावी. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. बाळ चावते म्हणून काही जणी दूध तोडतात, तसे करू नये. बाळाला पूर्ण दोन वर्षे पाजावे असे कुराणात सांगितले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षे व त्यापुढेही पाजा असेच सांगते.

आता हिरडीच्या ठणक्याचे काय करावे? साबणाने हात धुऊन स्वच्छ बोटाने हिरडी हलकेच चोळावी. मिश्री लावण्याची सवय असेल त्यांनी तर हात धुतल्याशिवाय बाळाच्या तोंडाला बोट लावू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ सुती फडके भिजवून, फ्रिजमध्ये थोडे गार करून चावायला द्यावे. फ्रिज नसेल तर ते पाणी माठात गार करावे. रबरी कडेही चालते, मात्र बर्फासारखे गोठवलेले नको. हनुवटीवरची लाळ टिपून जरासे खोबरेल लावावे, म्हणजे पुरळ येत नाही. फारच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. आणि कडेवर घेऊन फिरवावे, गुणगुणावे. ओवी असो की लोरी, बाळाला भाषा कळत नाही, छातीची धडधड कळते.

काय करू नये, तेही सांगतो. मधात टाकणखार कालवून हिरडीला चोळण्याची चाल अनेक घरांत आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात जाऊन तान्ह्या बाळांना झटके आल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. मधही वर्षाच्या आत देऊ नये, त्यातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. हिरडी बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या मलमांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना ती लावू नयेत. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यांनी एकाएकी घटू शकते. गळ्यात दातांसाठी म्हणून मण्यांची माळ घालू नये, फास बसू शकतो. खारीक चघळायला देतात, तीही मऊ पडली की तुकडा घशात अडकण्याची भीती असते. आणि पहिला दात दिसला त्याच दिवसापासून तो मऊ ब्रशने स्वच्छ करायला लागावे. पडायचाच आहे म्हणून दुधाच्या दाताची हेळसांड नको.

श्रोतेहो, "दात येताहेत" म्हणू नका, असे मी म्हणणार नाही. ते म्हणण्यातही एक लाड आहे. फक्त त्या वाक्याला पूर्णविराम देऊ नका. पुढे विचारा, ताप मोजला का? तो शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेला का? शी पातळ होते का? शू किती वेळा झाली? बाळ दूध ओढते ना? यातले एकही उत्तर मनासारखे नसेल, तर डॉक्टरांकडे जा. दात काय, त्याच्या वेळेला येईलच.