हेलिकॉप्टरचा भार आणि तोल

विद्यार्थी वैमानिकहो, हेलिकॉप्टर उड्डाणात आपल्या पंख्याखाली लंबकाप्रमाणे लोंबते. म्हणून वजन किती, याइतकेच ते कोठे आहे, हेही महत्त्वाचे. अमेरिकन बनावटीच्या रॉबिन्सन आर-२२ बीटा-दोन या दोन आसनी यंत्राची कमाल वजनमर्यादा अवघी ६२१ किलो. दोन धिप्पाड माणसे बसली, की टाक्या पूर्ण भरताच येत नाहीत! शिवाय आसने पंख्याच्या दंडाच्या पुढे, टाक्या मागे. इंधन जळेल तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. निघताना साधलेला तोल उतरताना बिघडू शकतो; नाक झुकते आणि नियंत्रणदांडा पूर्ण मागे ओढूनही यंत्राचा वेग आवरत नाही. यास्तव प्रत्येक वजनास संदर्भरेषेपासूनच्या अंतराने गुणावे, त्या बेरजेस एकूण वजनाने भागावे. हे गणित दोनदा करावे: निघतानाच्या इंधनासह आणि इंधनाविना.