फलालिनीची गोधडी : शिवण्यापूर्वीचे काम

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व बचत गटांच्या कार्यकर्त्या यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



गोधडी, किंवा काही भागांत जिला वाकळ म्हणतात ती, मूळची जुन्या कापडाची वस्तू. तिच्यात जाणारे लुगडे वा धोतर वर्षानुवर्षे धुतलेले असे. त्याला जेवढे आटायचे तेवढे ते आटलेले आणि जो रंग जायचा तो गेलेला असे. म्हणून आपल्या आजीला कापडाची पूर्वतयारी कधी करावी लागली नाही. ती संसारानेच करून ठेवलेली होती.

आज बचत गट विक्रीसाठी गोधड्या व तान्ह्या बाळांची दुपटी शिवतात. गिऱ्हाइकाला नवे कापड हवे असते, आणि ऊब हवी म्हटली की फलालीन येते. जुन्या कापडाची सवय नव्या कापडाला लावली जाते, आणि नुकसान होते ते येथे.

फलालीन मूळची लोकरीची. वेल्स प्रांत तिच्यासाठी प्रसिद्ध होता. दुपट्यांसाठी आपण घेतो ती बहुधा सुती असते. तिच्या पृष्ठावरील तंतू तारांच्या रुळांनी विंचरून वर काढलेले असतात. या लवेत हवा कोंडून राहते, म्हणून ऊब मिळते. मात्र लव काढता यावी यासाठी सूत सैल पिळाचे घ्यावे लागते. त्यामुळे हे कापड साध्या सुती कापडापेक्षा अधिक आटते, ताणले जाते आणि कडांना उसवते.

शंभरात पाच आटणे यात नवल नाही. म्हणजे ९० इंच लांबीची फलालीन पहिल्याच धुण्यात साडेचार इंच आखडते. आतले जुने लुगडे मात्र आखडत नाही. मग गोधडीला चुण्या पडतात, धावदोरा जागोजाग तुटतो, आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. गिऱ्हाईक पुन्हा त्या गटाकडे फिरकत नाही, हे वेगळेच.

यावर उपाय सोपा आहे. कापडावर १० इंचांचा चौकोन आखून ते कोमट पाण्यात धुवावे, वाळवून इस्त्री करावे आणि चौकोन पुन्हा मोजावा. अर्धा इंच कमी भरला तर आटणी शेकडा ५ समजावी. त्यानंतर बेतण्यापूर्वी सर्व कापड धुऊन घ्यावे. धुण्याआधी कापलेल्या कडांना टाके घालावेत; एरवी सुटलेल्या धाग्यांचा गुंता होतो. गडद रंग निराळे धुवावेत. इस्त्री ओढत न नेता उचलून ठेवीत फिरवावी, कारण ओढल्याने वीण वाकडी होते. हलकी खळ दिल्यास कापड कात्रीखाली स्थिर राहते. मात्र खळीचे कापड फार दिवस घडी करून ठेवल्यास त्याला कसर लागते.

आता बेतण्याविषयी. घट्ट विणीचा काठ प्रथम काढून टाकावा. कापणे धाग्याला धरून सरळ असावे. उरेब कापलेला तुकडा हातातच लांबतो. हात फिरवून लवेची दिशा पाहावी व उलट्या बाजूस खडूने बाण काढावा, नाहीतर एकाच रंगाचे दोन चौकोन शेजारी शेजारी वेगळे दिसतात. साध्या कापडाच्या बऱ्याच घड्या एकदम कापता येतात. फलालिनीच्या दोनच घ्याव्यात, कारण अधिक घेतल्यास खालचे थर सरकतात. शिवणीला पाव इंचाऐवजी अर्धा इंच माया सोडावी. ८ इंचांचा चौकोन हवा असेल तर साडेआठ नव्हे, ९ इंचांचा कापावा. एवढ्याने कापड सुमारे आठव्या हिश्श्याने अधिक लागते. आटणीचा भाग त्याशिवाय. किंमत ठरवताना हा हिशेब धरला नाही, तर तूट गटाच्या मजुरीतूनच भरून निघते.

येथे पंचायत सदस्यांना एक सांगावेसे वाटते. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखावयाच्या १० टक्के निधीतून शिवणवर्ग चालवायचा झाला, तर अंदाजपत्रकात शिवणयंत्रांची संख्या न विसरता येते. टब, इस्त्री, वाळत घालण्याची दोरी आणि कापडासाठीच राखलेली धारदार कात्री यांचीही नोंद त्यात असावी. खर्च किरकोळ आहे, पण त्यावाचून यंत्रांचा उपयोग अर्धाच. लवेचा भुरका यंत्रात साचतो, तेव्हा साफसफाईचा ब्रशही हवा.

शिक्षकांना कार्यानुभवाच्या तासाला एक परीक्षा दाखवता येईल. फलालीन म्हणून कधी कधी पॉलिएस्टरचे कापड गळ्यात मारले जाते. त्याचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. मुलांसमोर हे शिक्षकांनी स्वतःच करावे.

याच प्रयोगात दुसरी गोष्टही दिसेल. लव काढलेले सुती कापड चटकन पेट घेते आणि ज्योत लवेवरून वेगाने पसरते. विक्रीच्या दुपट्याला धुण्याच्या सूचनेची पट्टी जोडाल, तेव्हा ‘चूल, शेगडी व दिव्यापासून दूर ठेवावे’ ही ओळ तिच्यावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावी.